बिनदांड्याच्या एकतीस कुऱ्हाडी

"माझी झाली काय रं, परश्या?"

रवळूआण्णांनी खांद्यावरचा ओंडका अंगणात टाकला, टॉवेलानं आधी घाम आणि मग डोळे पुसले, आणि मला हे विचारलं. माझे वडील, आप्पा, सोप्यात चटईवर होते. त्यांना जाऊन तीन तास झाले होते आणि मला एस्टीतून उतरून पाच मिनिटं.

"काय झाली, आण्णा?"

"कुऱ्हाड."

मला वाटलं, दुःखात माणसाचं चित्त ठिकाणावर राहत नाही. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "बसा आण्णा, पाणी घ्या." त्यांनी पाणी घेतलं, माझा खांदा थोपटला आणि भिंतीला टेकून बसले. तेवढ्यात शेजारचा इराप्पा आला. तोही ओंडका घेऊन. त्यानं आप्पांच्या पायांना हात लावला, एक हुंदका दिला, आणि वळून मला हळूच म्हणाला, "माझी पण बघ जरा. पात्यावर फुली हाय."

सावरीच्या वाडीत पस्तीस घरं. मयत झालं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं, अशी तिथली रीत. कुणाला बोलवावं लागत नाही. फोडलेलं, वाळलेलं, मनगटाएवढं लाकूड घेऊन माणूस येतो, अंगणात ठेवतो आणि बसतो. तासाभरात सरणापुरतं जमतं. त्या दिवशी मात्र जो येईल तो अख्खा ओंडका आणत होता. फणसाचा, जांभळीचा, ऐनाचा, सालीसकट. कुणाचा मांडीएवढा, कुणाचा कमरेएवढा. गुंडूतात्यांचा तर दोन जावयांनी मिळून आणला आणि तात्या त्याच्या मागून मिरवणुकीत चालावं तसे आले. दोन वाजेपर्यंत आमचं अंगण असं दिसायला लागलं की सुताराचं मयत नसून एखाद्या लाकूडठेकेदाराच्या घरचं लग्न असावं.

"असलं पेटणार कसं?" मी इराप्पाला विचारलं.

"फोडल्याबिगर न्हाई पेटत."

"मग फोडून का नाही आणलं?"

"कशानं?" इराप्पा म्हणाला आणि त्यानं हनुवटीनं पडवीकडं दाखवलं.

पडवी म्हणजे आप्पांची कामाची जागा. तिथं भिंतीच्या कडेनं कुऱ्हाडीची पाती मांडून ठेवली होती. नुसती पाती. दांडा एकालाही नाही. मी मोजली. एकतीस.

आसपासच्या तिन्ही वाड्यांना मिळून दांडा बसवणारे आप्पा एकटे. पावसाळ्याआधी चार महिन्यांची लाकडं फोडून रचायची असतात, म्हणून शिमगा झाला की लोक आपापल्या कुऱ्हाडी आणून टाकतात. उन्हानं दांडा वाळतो, आकसतो, पातं हलायला लागतं. आप्पांनी यंदाही सगळ्या ठेवून घेतल्या. जुने खिळखिळे दांडे ठोकून काढले, पाती ओळीनं मांडली, आणि तिथंच थांबले. विचारायला येईल त्याला एकच उत्तर होतं: "दोन दिवसांत." ते दोन दिवस दोन महिने चालले. जुने दांडे आईनं अंघोळीच्या बंबात घातले.

म्हणजे ज्या एका माणसाला दांडा बसवता येत होता तो गेला होता, आणि त्याला जाळायला लागणारं लाकूड फोडायला तिन्ही वाड्यांत एक धड कुऱ्हाड नव्हती. आप्पांना हे कुणी सांगितलं असतं तर ते हसले नसते. ते कधीच हसायचे नाहीत. भुवई उचलून एवढंच म्हणाले असते, "मग? थांबू काय?"

थांबता येण्यासारखं नव्हतं. वैशाखाचं ऊन, आणि मसणवट्याची वाट ओढ्यातल्या धोंड्यांवरून. अंधारात खांद्यावर तिरडी घेऊन तिथून कुणी जात नाही. काय करायचं ते सूर्य डोंगराला टेकायच्या आत.

आधी सगळे उपाय झाले. पलीकडच्या वाडीला फोन केला. त्यांनी सहानुभूती कळवली आणि त्यांच्या नऊ कुऱ्हाडी आमच्याच पडवीत असल्याची आठवण करून दिली. जंगलतोडवाल्याकडं यंत्राची करवत होती, ती त्याच्यासकट कोकणात उतरली होती. तालुक्याहून फोडलेलं लाकूड आणायचं तर टेंपो दोन, आणि दोन्ही वऱ्हाडं घेऊन गेलेले. आप्पांच्या करवतीनं ओंडका आडवा कापता येत होता, पण उभा चिरायला एकेकाला अर्धा दिवस. शेवटी इराप्पानं एका ऐनाच्या ओंडक्यात पहार ठोकली. पहार चार बोटं आत गेली आणि अडकली. पुढं आत जाईना की बाहेर येईना. दोघांनी ओंडका धरला, दोघांनी पहार ओढली, आणि मग सगळ्यांनी मिळून तो पहारीसकट बाजूला नेऊन ठेवला. लग्नघरी कुणी पिऊन आला की नेतात, तसा.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. तालुक्याला मोबाईलच्या दुकानात फुटलेल्या काचा बदलायचो. आप्पांनी माझं नाव परशराम ठेवलं होतं आणि मी उभ्या जन्मात कुऱ्हाड उचलली नव्हती. आप्पा मला लहानपणापासून जवळ बसवायचे. हे बघ, असा धरायचा, लाकडाची रेष अशी उभी पाहिजे, वरून नाही, डोळा लावून बघ. मी बघायचो आणि म्हणायचो, "आप्पा, डिंकानं चिकटवूया की." मला ते फार विनोदी वाटायचं. आप्पा तासता तासता वाकस थांबवायचे, माझ्याकडं बघायचे आणि परत तासायला लागायचे.

"आण्णा, तुम्ही कुणीतरी बसवा ना," मी म्हणालो.

"आमी?" रवळूआण्णा म्हणाले. "सुताराच्या घरात मयत असताना दुसऱ्यानं वाकस उचलली म्हंजे ह्या घराचं काम संपलं म्हणायचं. आईला इचार तुझ्या, चालंल काय ते."

मी आईकडं बघितलं. ती आप्पांच्या उशाशी बसली होती. तिनं मान हलवली नाही, डोळेही वर केले नाहीत. म्हणजे चालणार नव्हतं.

माळ्यावर धामणीच्या काठ्या होत्या. दोन वर्षं सावलीत वाळवलेल्या. दांड्याला आप्पा दुसरं लाकूड घ्यायचेच नाहीत. सागवान दिसायला देखणं, पण दणका बसला की मोडतं. धामण लवते. मी एक काठी खाली काढली, पहिलं हाताला येईल ते पातं उचललं. त्यावर 'र' कोरलेला होता. रवळूआण्णांची कुऱ्हाड. आण्णांनी ते पाहिलं आणि समाधानानं तंबाखू मळायला घेतली.

वाकस हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की ती जड असते. दुसरी ही, की पस्तीस घरांची माणसं बघत असताना ती आणखी जड होते. मी तासत होतो आणि लोक, मयताला आलेली माणसं जशी बोलतात तशी, हलक्या आवाजात बोलत होते.

"लई खोल चाललाय."

"तासू दे. बाचं पोरगं हाय."

"बाचं हाय, पण गेलंय मोबाईलवर."

"दांडा हाय का लाटणं?"

गुंडूतात्या म्हणाले, "लाटणं झालं तरी घिऊन जाईन. आमच्या हिचं मोडलंय."

साडेतीनपर्यंत दांडा झाला. पात्याच्या भोकात घातला तर सहज गेला. फारच सहज. उलटा धरला तर पातं घसरून पायाशी पडलं.

"पाण्यात घाल," इराप्पा म्हणाला. "फुगंल. गच्च बसंल. आमचा बा तसंच करायचा."

आप्पांच्या अंघोळीसाठी घंगाळात कोमट पाणी काढून ठेवलं होतं. दुसरं भांडं शोधायला कुणी उठेना, म्हणून मी दांडा पात्यात घालून, वर एक चपटी चिपाटी ठोकून, तो घंगाळात उभा केला. अर्धा तास आम्ही सगळे त्या घंगाळाकडं बघत बसलो. मग दांडा काढला. पातं हलत नव्हतं. इराप्पानं सगळ्यांकडं असं बघितलं, जणू मी शाळेत पहिला आलो होतो आणि शिकवणी त्यानं घेतली होती. त्याच पाण्यानं आप्पांना अंघोळ घातली. पाण्यावर धामणीच्या दोन ढलप्या तरंगत होत्या, त्या त्यांच्या छातीच्या पांढऱ्या केसांत अडकून राहिल्या. मी काढायला गेलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

आज माझ्यासमोर कुणी दांडा पाण्यात घालायला निघाला तर मी त्याच्या हातातून तो काढून घेतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, जमलं.

तिरडी बांधून झाली, आप्पांना वर निजवलं. इकडं रवळूआण्णांनी फोडायला घेतलं. साठीचा माणूस, पण घाव बघण्यासारखा. पहिला ओंडका दोन घावांत उभा चिरला. लोक पुढं होऊन फाळी उचलायला लागले. सात ओंडके झाले, आठ झाले. ऊन पाठीवर होतं. ओल्या दांड्यावरचं पाणी केव्हाच उडून गेलं होतं आणि कुणाचं लक्ष नव्हतं. नवव्याला आण्णांनी कुऱ्हाड डोक्यावरून मागं नेली, खाली आणली, आणि ओंडक्यावर नुसता दांडा आपटला.

पातं वर गेलं होतं. ते उन्हात एकदा चमकलं, गुंडूतात्यांच्या डोक्यावरून गेलं, आणि तिरडीच्या बांबूत, आप्पांच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर, रुतून थरथरत राहिलं.

माझं काम आप्पांनी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

आई उठली. तिनं पातं बांबूतून उपटून काढलं, पदराला पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भिजवलास?"

"इराप्पा म्हणाला..."

"इराप्पाचा बा पण भिजवायचा. म्हणून मरताना तेच्या उजव्या हाताला तीन बोटं हुती." इराप्पा खाली बघायला लागला. "दुसरी काठी काढ."

"आई, सूर्य बघ कुठं आलाय."

"मला दिसतोय. काठी काढ."

मी काठी काढली. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, काठीचं एक टोक दोन्ही पायांच्या तळव्यांत धरलं आणि म्हणाली, "रेष उभी हाय काय बघ. डोळा लाव." मी डोळा लावला. "आता तास. तुझ्याकडनं माझ्याकडं. माझ्या पायाला भिऊ नको."

"तुला कसं गं माहीत हे?"

मी चार-सहा घाव घातले तेव्हा ती, मान खाली घालूनच, फक्त मला ऐकू येईल असं बोलायला लागली.

"दोन म्हैने मीच धरतेय. दिवाळीपास्नं तेंचं हात थरथरायचं. भाकरी मोडायला यायची न्हाई. दांडा काढायला यायचा, ठोकला की निघतोय. घालायचा येत नव्हता. रोज सकाळी बसायचे, एक काठी घ्यायचे, वाया घालवायचे. मी ती बंबात सारायची. कुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणालेले. पातळ झालं बघ, थांब. घालून बघ."

मी घालून बघितला. अर्ध्यावर अडकला.

"चांगलं हाय. अडकायलाच पायजे. अजून एक पापुद्रा काढ."

"मग एवढ्या ठेवून कशाला घेतल्या त्यांनी? परत द्यायच्या."

"तू करणार म्हणून."

माझा हात थांबला.

"तास," आई म्हणाली. "तेनी सांगितलेलं सगळ्यास्नी. ह्या खेपेला परसू येतोय पाडव्याला, औंदाच्या सगळ्या तोच बसवणार. मग पाडवा झाला. मग म्हणाले अखितीला येतोय. रवळूभावजी रोज इचारायचे, परसू कधी येणार. हे म्हणायचे, दोन दिवसांत."

म्हणजे दुपारपासून अंगणात जो येत होता, आप्पांच्या पाया पडून माझ्याकडं वळत होता आणि माझी झाली काय रं म्हणून विचारत होता, त्यातल्या एकाचंही चित्त ढळलेलं नव्हतं. ते आप्पांच्या कामाची चौकशी करत नव्हते. ते माझ्या कामाची करत होते.

आप्पा कधी स्वतःहून फोन करायचे नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी केला होता. मी दुकानात होतो, समोर एक काच अर्धी निघालेली.

"येतोस काय?" आप्पा म्हणाले होते.

"काही काम होतं?"

"काम असं न्हाई. जरा बसायचं हुतं."

"दुकानात गर्दी आहे आप्पा. दोन दिवसांत येतो."

"बरं," ते म्हणाले होते, आणि फोन ठेवायला त्यांना जरा वेळ लागला होता. बटण सापडत नसेल, असं मला वाटलं होतं. दुकानात सगळ्यांना मी ते सांगितलंही, आमच्या म्हाताऱ्याला फोन बंद करता येत नाही म्हणून. लोक हसले होते.

"आता घाल," आई म्हणाली.

या वेळी दांडा आपण होऊन आत गेला नाही. तो उलटा धरून, बुडावर लाकडी हातोडीनं ठोकत, पातं एकेक सूत वर चढवावं लागलं. मग आईनं कमरेच्या पिशवीतून एक पाचर काढली. जुन्या बाभळीची, काळी, बोटाएवढी. आप्पांच्या हातची असणार, कारण ती तासलेली नसून ओतलेली वाटत होती. एवढी एकच उरली होती.

"तिरपी मार. सरळ मारलीस तर दांडा चिरतोय. आणि एकदाच. घाबरून दोन-दोनदा ठोकायची न्हाई."

मी एकदाच मारली. आवाज वेगळा आला. रवळूआण्णांनी लांबून मान वर केली. ते उठून आले, कुऱ्हाड हातात घेतली, पातं गदागदा हलवून बघितलं, दांड्यावरून तळवा फिरवला. मग उरलेल्या ओंडक्यांकडं गेले. दांडा माझ्या मापाचा झाला होता, त्यांना बोटभर लांब. ते तक्रार न करता तसाच चालवत राहिले. इराप्पाची पहारही शेवटी त्याच कुऱ्हाडीनं सुटली.

आम्ही निघालो तेव्हा सूर्य डोंगराच्या हातभर वर होता. ओढ्यातून जाताना तिरडीच्या बांबूची खाच माझ्या खांद्यावर आली. ती टोचत होती, पण जागा बदलून मागायची मला लाज वाटली.

आमच्याकडं मयताच्या दिवशी सरणासाठी चालवलेल्या कुऱ्हाडीचा दांडा घरी नेत नाहीत. पातं काढून घेतात, दांडा सरणावर ठेवतात. आप्पांना सरणावर ठेवलं, आणि आण्णा कुऱ्हाडीचा दांडा काढायला बसले. दगडावर ठोकला. निघेना. इराप्पानं ठोकला. निघेना. गुंडूतात्यांच्या दोन्ही जावयांनी पाय लावून ओढला. एक जावई पाठीवर पडला. लोक हातात शेणी घेऊन उभे, ऊन डोंगराच्या शेंड्यावर, आणि माझ्या आयुष्यातला पहिला धड दांडा पात्यातून निघायला तयार नव्हता.

"काय बसवलास रं हा," आण्णा धापा टाकत म्हणाले. दुपारपासून माझ्याशी कुणी बोललेलं ते एकच चांगलं वाक्य.

शेवटी कुऱ्हाड पात्यासकट आप्पांच्या उजव्या बाजूला ठेवली. मी अग्नी दिला. फाळी वाळलेल्या आणि नीट फोडलेल्या होत्या, चटकन पेटल्या. मी दांड्याकडं बघत उभा होतो. तो बराच वेळ काळा होत राहिला, मग मधोमध लाल झाला. त्याला करून दोन तासही झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा पातं सापडलं. निळं-काळं पडलेलं. भोक रिकामं. मी ते ओढ्यात धुऊन घरी आणलं. अंगणात रवळूआण्णा वाट बघत बसले होते. मी पातं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नखानं धार तपासली.

"आगीत धारेचं पाणी उतरलंय हेचं. लव्हाराकडनं परत पाजून आणाय लागंल."

"होय."

"आणतो मी. दांड्याचं बोल."

तेवढ्यात दुकानाच्या मालकाचा फोन आला. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं, मग चौदा मोबाईल पडून असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "कधी येतोस?"

"दोन दिवसांत," मी म्हणालो आणि फोन खिशात ठेवला.

आण्णा अजून माझ्याकडं बघत होते. आई दारात उभी होती. पडवीत वाकस मी ठेवली होती तिथंच होती, आणि भिंतीच्या कडेनं तीस पाती, मधे एक जागा मोकळी.

"मग? कधी देतोस?" आण्णा म्हणाले.

"दोन दिवसांत."

दोघांपैकी एकाला मी खोटं सांगितलं होतं. कुणाला, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

"बरं," आण्णा म्हणाले. लोहाराकडं न्यायचं म्हणाले होते, पण ते पातं घेऊन पडवीत गेले आणि त्यांनी ते ओळीतल्या मोकळ्या जागी ठेवलं. जरा मागं सरून बघितलं. मग परत वाकून त्याची धार भिंतीकडं केली, आप्पा ठेवायचे तशी.